पोट आणि पोटरी

वर्गात शिकवण्याच्या भरात शब्दांची नाती जुळवण्याची मला खोड आहे. पण ‘पोट’ आणि ‘पोटरी’ हे शब्द नुसते दिसायला भावंडांसारखे नाहीत, त्यांचे अगदी रक्ताचे नाते आहे, हे मला व्याकरणाने नव्हे, गेल्या वर्षीच्या भाऊबीजेने शिकवले.

आमचे मेहुणे अंगापिंडाने भरदार. त्यांच्या पोटावरून आमच्या घरी दर दिवाळीला विनोद होतात आणि सर्वांत मोठ्याने तेच हसतात. गेल्या वर्षी ते नागपूरहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रात्रभर बसने आले. पाय लोंबकळत, जागेवरून न उठता. वाटेत उतरावे लागू नये म्हणून पाणीही बेताचेच प्यायलेले. सकाळी पाहतो तो डावी पोटरी टम्म सुजलेली, हाताला गरम लागणारी!

“प्रवासाने पाय भरून आलाय दादा, चोळून देते,” म्हणत सौभाग्यवतींनी तेलाची वाटी कोमट केली. तेवढ्यात शेजारचे डॉक्टर फराळाला आले. त्यांनी पोटरी पाहिली आणि चिवड्याची बशी खाली ठेवली.

“वहिनी, चोळू नका. आधी सोनोग्राफी करू.”

शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर ती भाऊबीज कशी झाली असती, हे लिहवत नाही. रक्त गोठू न देणारी औषधे वेळेवर सुरू झाली, काही महिने चालली आणि मेहुणे पूर्ववत हिंडूफिरू लागले.

“पायाच्या दुखण्याचा पोटाशी काय संबंध?” मी नंतर डॉक्टरांना विचारले.

ते म्हणाले, “जखम झाली की रक्त गोठते, हे शरीराचे उपकारच. नको तिथे झालेली गुठळी विरघळवण्याचीही सोय शरीरात असते. पण पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तात नाना द्रव्ये सोडते. त्यांतले पीएआय-१ नावाचे द्रव्य गुठळी विरघळवण्याच्या कामातच खीळ घालते. त्यात पोटरीचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात, तेही तासन्‌तास बसून राहिले की गप्प. वजन उतरले की हे द्रव्यही घटते. मात्र त्यासाठी निर्जळी उपास नकोत. हळूहळू उतरवा.”

मी मनात म्हटले, आपण काडीपैलवान, आपल्याला कसली भीती? डॉक्टरांनी ते ओळखले असावे. “प्राध्यापकमहाशय, टेप आणा!” कंबर भरली ९४ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९० आणि स्त्रियांची ८०.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनाचा काटा आपल्या लोकांना असा चकवतो. दिसायला सडसडीत माणसाच्या पोटातही चरबी दडून बसते.

त्या दिवसापासून मी रोज पहाटे भुईकोट किल्ल्याच्या बाजूने फिरून येतो. टेप ९१ वर आली आहे. मेहुणे वर्षभरात सात किलोंनी उतरले आहेत. यंदाही ते येणार आहेत, पण बस थांबेल तिथे खाली उतरून चार पावले टाकण्याच्या बोलीवर.

तेव्हा वाचकहो, फराळ अवश्य करा, पण बेताने. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर तेलाची वाटी फडताळातच राहू द्या आणि डॉक्टर गाठा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर क्षणही दवडू नका.

आमच्याकडचे विनोद मात्र चालूच राहतील. यंदा ते माझ्या पोटावर होणार, अशी चिन्हे आहेत.