कवितेची पवारणा

स्मरणिकेसाठी साहित्याचे आवाहन झाले की सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक येतात त्या कविता. कोणत्याही संस्थेच्या संपादक मंडळाला विचारावे, उत्तर हेच मिळेल. काहींना यात उपहासाचा विषय सापडतो. लेखाला कष्ट पडतात, कविता बारा ओळींत उरकते, असे म्हटले जाते. आणि या मंडळींना कवितेपेक्षा आपले छापील नाव पाहण्याची हौस अधिक, असेही. आम्हांला हा उपहास मान्य नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात सहलीला गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने त्या खांबांवरून हात फिरवला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथील एकेक खांब एकेका दात्याने दिला आणि आपले नाव व गाव त्यावर कोरवून घेतले. दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार. त्याचेही नाव तेथे आहे. राजाचे नाव असावे आणि सुताराचे नसावे, असे त्या संघाला वाटले नाही. तेव्हा हौशी कवीने आपले नाव पाहून हरखून जाण्यात लाजण्यासारखे काही नाही. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती प्रथम आमच्या स्वतःविषयीच आहे.

आम्ही म्हणजे या शाळेचे काही माजी विद्यार्थी. कुणी शिक्षक, कुणी रेल्वेत, कुणी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत. एक जण लोणावळ्यात रिक्षा चालवतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही एकत्र बसतो आणि एकमेकांच्या कविता ऐकतो. आमच्यांत प्रसिद्ध कवी कुणी नाही आणि होईल अशी चिन्हेही नाहीत. बरीच वर्षे आमची रीत ठरलेली होती. एकाने वाचावे, इतरांनी मान डोलवावी, 'वा' म्हणावे, टाळ्या वाजवाव्यात, चहा घ्यावा, दुसऱ्याने वाचावे. हेच एकमेकांना प्रोत्साहन देणे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. आज आमचे मत असे झाले आहे की त्या टाळ्यांनी आमच्यांतील निदान एका चांगल्या कवीचे नुकसान केले.

तो आमच्याच वर्गातला. नाव सांगण्याची गरज नाही. त्याची आई चिक्कीच्या कारखान्यात कामाला होती. आठवीत असताना त्याने तिच्यावर एक कविता लिहिली आणि १४ एप्रिलच्या कार्यक्रमात वाचली. सभागृह गहिवरले. पाहुण्यांनी पाठ थोपटली, गुलाबाचे फूल दिले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा आईवर कविता वाचली, त्यापुढच्या वर्षीही. कष्ट, घाम, अश्रू, दिवा, वात, चंदन. शब्दांची अदलाबदल होई, कविता तीच राही, आणि टाळ्याही तितक्याच पडत. त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. आम्हीही नाही. दहावीनंतर त्याने लिहिणे सोडले. पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या रविवारच्या बैठकीला तो आला तेव्हा कुणीतरी सहज विचारले की, आई घरी आल्यावर आधी काय करीत असे? तो म्हणाला, पाण्याच्या हंड्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ती उभी राही. पाक गरम असतानाच शेंगदाणे त्यात घालून लाटावे लागते, थंड झाला की चिक्की लाटता येत नाही. त्यामुळे बोटांना दिवसभर चटके बसत. हात निवल्यावाचून भाकरी थापता येत नसे. 'मग आम्ही हंड्यातले पाणी प्यायचो, त्याला गुळाचा वास यायचा,' असे सांगून तो थांबला. बैठकीत त्या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

ही कविता आठवीतच त्याच्याजवळ होती. ती त्याला दिसली नाही, कारण चंदन आणि वात एवढ्यावरच सभा प्रसन्न होत होती.

याचा अर्थ मुलांच्या कवितांची चिरफाड करावी असा कुणी घेऊ नये. तो दुसरा टोकाचा अनर्थ आम्ही पाहिलेला आहे. आपल्या वसतिगृहात मावळातली मुले असतात, तशीच मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली. प्रत्येकाच्या तोंडी आपापल्या आईची बोली असते. एका ठिकाणी, ते ठिकाण कोणते हे महत्त्वाचे नाही, आमच्यातील एकीची कविता परीक्षकांनी लाल शाईने इतकी शुद्ध केली की कवितेत तिच्या आजीचा आवाज उरलाच नाही. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करावेतच, पण ते शेवटी, आणि आजीचे बोलणे सोडून. जे कौतुक काहीच विचारत नाही आणि जी टीका काहीच ऐकत नाही, त्या दोहोंत आम्हांला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीत समोरच्याची कविता वाचलेलीच नसते.

मग प्रोत्साहन कशाला म्हणावे? आपल्याला हे शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. तिपिटकात एक कवी आहे. वंगीस थेर हे त्याचे नाव. प्रव्रज्येपूर्वी तो काव्याच्या धुंदीत गावोगाव हिंडत असे, असे तो स्वतःच सांगतो. भिक्खू झाल्यावरही त्याला गाथा सुचत राहिल्या, आणि भगवंतांनी त्याला सोडून दे असे सांगितले नाही. उलट प्रतिभावान भिक्खूंमध्ये त्याला अग्रस्थान दिले. संयुत्त निकायात त्याच्या नावाचे एक पूर्ण संयुत्त आहे. त्यातल्या एका प्रसंगी त्याने भगवंतांसमोर गाथा म्हटल्या, तेव्हा भगवंतांनी विचारले की, या आधी रचून ठेवल्या होत्यास की आत्ता सुचल्या? आत्ताच सुचल्या, असे तो म्हणाला. तर मग अशाच आणखी सुचू देत, असे त्याला सांगण्यात आले. या संवादाकडे आम्ही वारंवार वळतो. येथे 'वा' नाही. एक प्रश्न आहे आणि आणखी एका कवितेची मागणी आहे. कवीला याहून अधिक काय हवे असते?

या वंगीसाचा एक दोषही तेथेच नोंदलेला आहे. आपल्या प्रतिभेच्या तोऱ्यात तो इतर शीलवान भिक्खूंना कमी लेखू लागला. ते ध्यानात आल्यावर त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने स्वतःचीच कानउघाडणी केली, तीही गाथांतूनच. कविसंमेलनात आपली पाळी झाली की पिशवी उचलून निघून जाणाऱ्या आमच्या काही मित्रांनी हे सुत्त जरूर वाचावे.

परंतु ज्या प्रसंगाने आमची बैठक बदलली तो वेगळा आहे. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येक भिक्खू संघापुढे येऊन विनंती करतो की, माझ्या हातून काही दोष घडलेला आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगावे. श्रावस्तीच्या पूर्वारामात अशाच एका पवारणेच्या रात्री स्वतः भगवंतांनी संघाला विचारले की, माझ्या वागण्या-बोलण्यात आपल्याला काही दोष दिसतो काय? आणि त्याच रात्री, त्याच सभेत, वंगीस उठला, त्याने बोलण्याची अनुज्ञा मागितली आणि गाथा म्हटल्या. दोष विचारण्याची सभा आणि कविता म्हणण्याची सभा एकच होती. आम्ही मात्र या दोन सभा कायमच्या वेगळ्या करून ठेवल्या आहेत. तोंडावर टाळ्या, आणि परतीच्या लोकलमध्ये मळवलीपासून देहूरोडपर्यंत त्या कवितेची निंदा.

पवारणेतील एक बारकावा विसरून चालणार नाही. दोष सांगण्याचा अधिकार ऐकणाऱ्याने परस्पर घ्यायचा नसतो. सांगा अशी विनंती ज्याचे त्याने करायची असते. त्यामुळे सांगणाऱ्याच्या वाणीलाही बंधन पडते. आम्ही आता एवढेच करतो. कवीने इच्छा असेल तर वाचून झाल्यावर विचारावे. न विचारल्यास कुणी बोलू नये, फक्त 'पुन्हा एकदा वाचा' म्हणावे. दुसऱ्यांदा ऐकताना पुष्कळ गोष्टी आपोआप उघड्या पडतात, बहुधा प्रथम कवीलाच.

साथ देण्याची याहून जुनी शिकवण मावळातल्या घराघरांत होती आणि तिला कुणी साहित्य म्हणत नव्हते. जात्यावर समोरासमोर दोघी बसत, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवीची पहिली ओळ घालावी, दुसरीने ती उचलावी, आणि तिला तिच्या दुःखातले काही आठवले की तिने आपली ओवी त्यात जोडावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळच्या या डोंगरपट्ट्यातून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रभर अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. गिरण्या आल्या, जाती उंबऱ्याशी उलटी पडली, आणि ओवीबरोबर ओवी उचलणारीही गेली. थेरीगाथेत उखळ-मुसळाच्या जाचातून सुटलेल्या बाया बोलतात. आमच्या वर्गातल्या ज्या मुली भित्तिपत्रकात सर्वांत चांगले लिहीत, त्यांपैकी लग्नानंतर लिहिणारी एकच आज आमच्या बैठकीत आहे. ती म्हणते, 'लिहायला वेळ मिळतो, ऐकायला कुणी मिळत नाही.' या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

आंबेडकरी चळवळीतील कवींना ऐकणारे मिळाले, म्हणून ती कविता उभी राहिली, हे आपण विसरतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना अक्षरओळख प्रौढपणी, मुंबईत झाली. त्यांच्या गीतांना प्रोत्साहन कुणी प्रशस्तिपत्र देऊन दिले नाही. वस्त्यावस्त्यांतील गायकांनी ती गीते उचलली आणि गावोगाव नेली. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेहून प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली जे नियतकालिक निघाले आणि 'अस्मितादर्श' या नावाने रुजले, त्याने नुसत्या कविता छापल्या नाहीत, तर लेखक-वाचकांचे मेळावे भरविले. नवख्या कवीला आपला वाचक समोर बसलेला दिसला. त्या काळी प्रतिष्ठित मासिकांची दारे ज्यांना सहज उघडत नव्हती, त्यांना एकमेकांचे वाचक होण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तेच त्यांचे बळ ठरले.

नोंद ठेवणे हेही एक प्रोत्साहनच. तुकोबांच्या अभंगांचे लेखन ज्यांनी केले त्या संताजी जगनाडे यांची समाधी आपल्या मावळातल्या सुदुंबऱ्याला आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग घेतला. तो अभंग तीनशे वर्षे टिकला यात लिहून ठेवणाऱ्या हातांचा वाटा आहे. आमच्या बैठकीतल्या रिक्षाचालक मित्राने या वर्षी एक वही घातली आहे. जो जे वाचेल ते तो स्वहस्ते उतरवून घेतो. आपली कविता दुसऱ्याच्या अक्षरात पाहिल्यावर कवी कसा गप्प होतो, ते पाहण्यासारखे असते. त्या वहीतील काही कविता याच अंकात आहेत, आणि छापण्यापूर्वी त्यांतील बहुतेक निदान दोनदा बदलल्या गेल्या आहेत.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच आहे की, या स्मरणिकेतील कवितांखाली जी नावे आहेत त्यांना शक्य झाल्यास चार ओळींचे पत्र लिहावे. 'छान' एवढेच लिहायचे असेल तर तसदी घेऊ नये. कोणती ओळ लक्षात राहिली, कोठे अडखळलो, काय आणखी ऐकायला आवडले असते, यांपैकी एक तरी लिहावे. मूल आपल्याच घरातले असेल तर आणखी सोपे: त्याला ती कविता स्वयंपाक चालू असताना दोनदा वाचायला सांगावे.

यंदा अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही शाळेच्या सभागृहात बसणार आहोत. या वेळी वसतिगृहातील मुले-मुलीही असतील. नववीतल्या एका विद्यार्थिनीने आपली कविता आधीच आमच्याकडे दिली आहे. ती भातलावणीवर आहे. पावसात ओणव्या झालेल्या बायका, खाचरातले पाणी, त्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब, सारे नीटनेटके. वाचून झाल्यावर तिने आपण होऊन विचारले, 'यात काय चुकलंय?' आम्ही म्हटले, चुकलेले काही नाही, पण लावणी संपल्यावर उरलेल्या रोपांच्या जुड्यांचे काय करतात ते कवितेत नाही. तिला ते ठाऊक नव्हते. शनिवारी आजी भेटायला येते, तिला विचारून सांगते, असे म्हणून ती कागद परत घेऊन गेली.