वृद्ध अश्व आणि आपला धर्मादाय

आडत दुकानाच्या खातेवहीत धर्मादायाचे खाते असणे ही आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे. त्यातून गोशाळांना कडबा जातो, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वृद्ध घोड्याचे स्मरण त्या खात्यास क्वचितच होते. गाईस दूध, शेण आणि लोकांची श्रद्धा यांचा आधार आहे. टांगा ओढून अथवा वरातीत नवरदेवास मिरवून थकलेल्या घोड्यास तसा आधार नाही. रिक्षा आल्या, टांगे गेले. घोडा मात्र २५-३० वर्षे जगू शकतो. मग काम सरल्यावर त्याने जावे कोठे?

मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून तो चालविला. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हाही घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न लगेच पुढे आला. आपल्या बीदर-कलबुर्गी भागातही हा भार व्यापाऱ्यांनीच उचलला पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

तथापि येथे धान्याच्या व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानी धरावी. गोदामातील झाडण व ओल लागलेले धान्य पांजरपोळास धाडून पुण्य जोडल्याचे समाधान काही जण मानतात. घोडा रवंथ करीत नाही आणि त्यास ओकताही येत नाही; पोटात गेलेले वाईट अन्न पोटशूळ उठविते. बुरशी धरलेला मका तर त्याच्या मेंदूस मारक ठरतो. जे आपण गिऱ्हाइकास विकणार नाही, ते मुक्या जीवास देणे हे दान नव्हे.

वृद्ध घोड्याचे दात झिजतात. चारा नीट चावला जात नाही. त्यास भिजवून मऊ केलेले गवत व कोंडा लागतो, सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात, पशुवैद्याकडून दात पाहून घ्यावे लागतात. कोणी म्हणेल, माणसांची गरज अगोदर. ती आहेच, पण ज्याच्या पाठीवर आपण ओझी लादली, त्याचे देणे हे दयेपेक्षा ऋणाच्या सदरात पडते. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपणासोबत अन्नपाननिरोधही सांगितला आहे, तो उगाच नव्हे.

म्हणून संघाने धर्मादायातील एक निश्चित हिस्सा वृद्ध घोड्यांच्या नावे वेगळा काढावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी सभासदांपुढे मांडावा, अशी आमची विनंती आहे.

जय जिनेंद्र.