कोट्यवधींचे सौदे आणि वारासिवनीचा शेतकरी

भारतीय औषधउद्योगाच्या इतिहासात २०२४ आणि २०२५ ही वर्षे मोठ्या सौद्यांची वर्षे म्हणून नोंदली जातील. जुलै २०२४ मध्ये मॅनकाइंड फार्माने मुंबईची भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी ॲडव्हेंट इंटरनॅशनल या परदेशी गुंतवणूक संस्थेकडून सुमारे १३ हजार ६०० कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो व्यवहार पुरा झाला. मार्च २०२५ मध्ये सन फार्माने त्वचेच्या कर्करोगावर प्रतिपिंडाचे औषध काढणारी चेकपॉइंट ही अमेरिकन कंपनी ३५ कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेण्याचा करार केला. जुलै २०२५ मध्ये तर ग्लेनमार्कच्या उपकंपनीने रक्ताच्या एका कर्करोगावरील प्रतिपिंडाचे पाश्चात्त्य देश, जपान व चीनमधील हक्क ॲबव्ही या अमेरिकन कंपनीस दिले. या औषधाच्या तेव्हा केवळ पहिल्या टप्प्यातील चाचण्या चालल्या होत्या. तरीही पहिलाच हप्ता ७० कोटी डॉलरचा ठरला आणि पुढील टप्पे यशस्वी झाल्यास एकूण रक्कम १९० कोटी डॉलरच्या वर जाणार आहे. ज्या ग्लेनमार्कचा एक कारखाना आमच्या बार्देश तालुक्यात कोलवाळला उभा आहे, तिच्या संशोधनाला जगाने एवढे मोल द्यावे, याचा आम्हांला अभिमानच वाटतो. कालपर्यंत परक्यांच्या औषधांच्या स्वस्त नकला करणारा देश म्हणून ज्याची हेटाळणी होत असे, त्या देशाने स्वतःच्या बुद्धीचे फळ बाजारात मांडावे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु अभिमानाच्या भरात एक प्रश्न विचारण्याचे राहून जाऊ नये. हा पैसा कोणाच्या दुखण्यामागे धावतो आहे, आणि कोणाच्या दुखण्याकडे पाठ फिरवून उभा आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना मुंबई वा न्यूयॉर्कला नेणार नाही. मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीला नेऊ. हा मुलूख आम्हां मराठी माणसांना परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो नागपूरच्या राजधानीखाली होता, आणि आजही गोंदिया-भंडाऱ्याशी त्याचा सोयरिकीचा व बाजारहाटाचा संबंध आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा प्रदेश. वारासिवनीच्या हातमागावरील साडीला आणि बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला अलीकडच्या वर्षांत भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तांदळाची रोपे ज्या आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात लावली जातात, तोच हंगाम सर्पदंशाचाही असतो. दिवसा बांधावर नाग व घोणस, रात्री घरात मण्यार. मण्यारीचा दंश तर इतका निःशब्द की जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला तो पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, आणि वेळेवर प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला नाही तर श्वास थांबतो.

ही गोष्ट एखाद्या कोपऱ्यातील तालुक्यापुरती नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्युपाहणीच्या आधारे संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. यांतील सुमारे ७० टक्के मृत्यू मध्यप्रदेशासह आठ राज्यांत झाले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. आणि मेलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले. एखाद्या लढाईत एवढी माणसे पडली असती तर राष्ट्राने शोक पाळला असता. ही माणसे शेतात आणि झोपडीत मेली, बहुतेक रुग्णालयाची पायरीही न चढता, म्हणून त्यांची साधी नोंदही नीट झाली नाही.

आता कोणी म्हणेल, कर्करोगावरील प्रतिपिंडांच्या सौद्यांशी सापाच्या विषाचा संबंध काय? संबंध अगदी रक्ताचा आहे. शरीरात शिरलेल्या शत्रूला ओळखून निकामी करणारे जे प्रथिन शरीर स्वतः तयार करते, ते प्रतिपिंड. १८९० साली बेहरिंग व किटासाटो यांनी एका प्राण्याच्या रक्तातील हे रक्षक दुसऱ्याला उसने देता येतात हे दाखविले आणि १८९५ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत याने याच तत्त्वावर सर्पविषावरचा उतारा तयार केला. घोड्याला विषाचे अल्प व वाढते डोस द्यायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे साठली की ते काढून शुद्ध करायचे आणि कुपीत भरायचे. म्हणजे आज अब्जावधींना विकल्या जाणाऱ्या औषधांच्या कुळातील हे थोरले भावंडच होय. धाकट्यांना राजवाडे मिळाले. थोरला मात्र सव्वाशे वर्षांनंतरही तबेल्यातच राहिला. कर्करोगावरची प्रतिपिंडे आता पेशींच्या संवर्धनातून हव्या त्या नेमकेपणाने घडवता येतात. वारासिवनीच्या शेतकऱ्याला मिळते ते औषध आजही तत्त्वतः काल्मेतच्याच पद्धतीचे आहे.

या विद्येत महाराष्ट्राचा वारसा केवढा मोठा! परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये आलेल्या प्लेग प्रयोगशाळेची पुढे हाफकिन संस्था झाली, आणि प्रतिविषाच्या कुप्या तेथून देशभर गेल्या. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपालनातील निवृत्त घोडे हाफकिनला दिले जात. त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि जगातील सर्वांत मोठी लस बनवणारी संस्था झाली. १९७१ साली मुंबईत स्थापन झालेली भारत सीरम्सदेखील याच परंपरेतील. सर्पविष, श्वानदंश यांवरची प्रतिपिंडे ही तिची जुनी ओळख. पण १३ हजार ६०० कोटी मोजणाऱ्या मॅनकाइंडने त्या वेळी काय सांगितले? स्त्रियांचे आरोग्य आणि वंध्यत्वावरील उपचार यांच्या बाजारात अग्रस्थान मिळेल, असे सांगितले. त्यात गैर काही नाही. संतती इच्छिणाऱ्या दांपत्याचे दुःखही दुःखच आहे. तथापि घोड्याच्या रक्तातून जीव वाचविणारी कुपी या सौद्यात किमतीच्या वरच्या ओळीत नव्हती, ही वस्तुस्थिती बरेच काही सांगून जाते.

येथे भांडवलाला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला तो मार्ग पसंत नाही. भांडवलाला डोळे असतात, पण ते खिसा पाहतात, जखम पाहत नाहीत. ज्याला सर्पदंश होतो तो बहुधा शेतमजूर. त्याच्यासाठी औषध विकत घेणार सरकार, तेही निविदा काढून, सर्वांत कमी दराने आणि पैसे उशिरा देऊन. प्रतिविषाच्या एका कुपीची किंमत काही शे रुपये, व तीही सरकारी नियंत्रणाखाली. अशा बाजारात नव्या संशोधनासाठी कोण पैसा ओतील? ही केवळ भारताची कथा नाही. आफ्रिकेतील दहा सापांवर गुणकारी असलेले फाव-आफ्रिक हे प्रतिविष सनोफी या फ्रेंच कंपनीने परवडत नाही म्हणून २०१४ मध्ये बनविणे थांबविले आणि शेवटच्या कुप्यांची मुदत २०१६ मध्ये संपली. साप मात्र चावायचे थांबले नाहीत.

मिळते ते औषध तरी सर्वत्र सारखे लागू पडते काय? आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बेतलेले आहे, आणि त्यासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळ जमातीच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतांत बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. दक्षिणेच्या किनाऱ्यावरील सापाच्या विषावर घडलेला उतारा वैनगंगेच्या खोऱ्यात, किंवा आमच्या कोकणच्या कातळावरील फुरशावर, तितकाच परिणामकारक ठरेल असे गृहीत धरता येत नाही. परिणाम असा की, डॉक्टर दहा कुप्या देतो, मग आणखी दहा. आणि तालुक्याच्या रुग्णालयात तेवढ्या शिल्लक नसल्या तर रोग्याला गाडीत घालून पुढच्या शहराकडे धाडतो. वाटेत किती श्वास थांबतात याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हिशेब ठेवला जातो तो मृत्यूनंतर. मध्यप्रदेशात सर्पदंशाने मेलेल्याच्या वारसास सरकार चार लाख रुपये देते. ही मदत योग्यच आहे. परंतु मेल्यावर चार लाख आणि जिवंत असताना दहा कुप्यांचीही शाश्वती नाही, हा कोणता व्यवहार? चार लाखांत वीस-वीस कुप्या देऊन कितीतरी माणसे वाचविता येतील. मरणाची भरपाई हाच जेथे सरकारचा मुख्य खर्च होतो, तेथे मरणाचाही धंदा होतो. बालाघाटला लागून असलेल्या सिवनी जिल्ह्यात केवलारी तहसिलीत, सर्पदंशादी अपघातांचे मृत्यू कागदावर रंगवून सुमारे ११ कोटी रुपयांची मदत हडप केल्याचे प्रकरण २०२५ साली उजेडात आले. एकच माणूस अनेकदा मेल्याचे दाखविले गेल्याचा आरोप त्यात आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण खऱ्या मृत्यूंची नोंद होत नाही आणि खोट्यांची होते, यापेक्षा विदारक विसंगती कोणती?

यावर उपाय नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर जखमेत द्यावयाची प्रतिपिंडे पूर्वी माणसाच्या वा घोड्याच्या रक्तातून मिळत. महाग आणि दुर्मिळ. मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठाची एक सार्वजनिक प्रयोगशाळा आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी मिळून त्यांची जागा घेणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केले आणि ते २०१६ मध्ये भारतात मान्य झाले. पाठोपाठ २०१९ मध्ये झायडसनेही तसेच औषध आणले. गरिबाच्या रोगावरही नवी विद्या लावता येते, याचा हा धडधडीत पुरावा. सर्पविषाच्या बाबतीतही बंगळूरच्या संस्थेने अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या सहकार्याने नाग, मण्यार आदी सापांच्या विषातील एका प्रमुख घटकाला निष्प्रभ करणारे कृत्रिम मानवी प्रतिपिंड तयार केल्याचे २०२४ साली जाहीर केले. प्रयोगशाळेने आपले काम केले आहे. प्रयोगशाळेपासून वारासिवनीच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता बांधणारे कोणी नाही.

तो रस्ता कोणी बांधायचा? आमचे उत्तर स्पष्ट आहे: सरकारने, आणि तेही ग्राहक म्हणून. आमच्या गोव्यानेच २०२४ च्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरील, एरवी लाखो रुपयांना पडणारे प्रतिपिंडांचे इंजेक्शन सरकारी खर्चाने मोफत देण्यास प्रारंभ केला. ज्या राज्याला ते साधले, त्याच्या अनुभवाने काय सांगितले? खरेदीदार ठाम असेल तर महागातले महाग औषधही सामान्य स्त्रीपर्यंत पोहोचते. मग केंद्र सरकारने सर्पदंशग्रस्त राज्यांच्या वतीने दहा वर्षांची एकत्रित खरेदी हमीने का जाहीर करू नये? दर परवडणारा, दर्जाची कसोटी कडक आणि पैसे वेळेवर, एवढे आश्वासन मिळाले तर जे भांडवल आज कर्करोगामागे धावते त्यातील थोडे तरी या वाटेला वळेल.

त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी हव्यात. पहिली, विषसंकलनाची प्रादेशिक केंद्रे. त्यांपैकी एक मध्य भारतात आणि एक पश्चिम किनाऱ्यावर. दुसरी, हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थेचे पुनरुज्जीवन; कारण खाजगी कारखानदार उद्या परवडत नाही म्हणून निघून गेला तर मागे उभे राहणारे कोणीतरी असलेच पाहिजे. आणि तिसरी, ग्रामीण डॉक्टरचे शिक्षण. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर रक्तदाबाचे एक साधे औषध वापरून कोकणातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. २०२२ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. गौरव केला, अनुकरण केले नाही. खेड्यातील डॉक्टर निर्धास्तपणे प्रतिविष देऊ लागला, आणि श्वास चालू ठेवण्याचे साधन व रुग्णवाहिका त्याच्या हाताशी असली, तर आज हाताशी असलेल्या औषधानेही हजारो जीव वाचतील.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना लिहिले. संकल्प स्तुत्य आहे. पण संकल्पाचे पाणी हातावर सोडून यज्ञ होत नाही. प्रत्येक पावसाळा हा या आराखड्याची परीक्षा घेणार आहे.

औषधाचे सौदे व्हावेत, त्यांतून कंपन्यांना नफा आणि देशाला कीर्ती मिळावी. आम्ही त्याला आड येत नाही. पण राष्ट्राच्या विद्येची खरी किंमत शेअरबाजाराच्या फलकावर ठरत नाही. ज्या हातांनी लावलेला तांदूळ आपल्या ताटात येतो, त्या हाताला दंश झाला तर दोन तासांच्या आत त्याच्या शिरेत प्रतिविष पोहोचते की नाही, यावर ती ठरते. त्या हिशेबात आपण अजून फार गरीब आहोत, आणि ते दारिद्र्य कोणत्याही कंपनीच्या विक्रीने फिटणारे नाही.