दिव्यांग मुलांना स्पर्धा मिळते, सराव कधी?

धाराशिव, विशेष प्रतिनिधी -

खो-खोच्या नकाशावर धाराशिव जिल्ह्याचे स्थान ठळक आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील पॅरा जलतरणपटू सुयश जाधव हेही या पुरस्काराचे मानकरी ठरले. गुणवत्ता ग्रामीण भागात आहे आणि ती शारीरिक मर्यादांपाशी थांबत नाही, हे या दोन नावांनी सिद्ध केले. मात्र खेळाडू घडतो तो रोजच्या सरावातून. दिव्यांग मुलांच्या बाबतीत नेमका तोच दुवा निखळलेला आहे.

दरवर्षी ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने जिल्हास्तरीय क्रीडा स्पर्धा भरतात. विशेष शाळांतील मुले उत्साहाने धावतात, पदके घेतात. या उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका दिवसाची स्पर्धा म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शिवाय सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलाची स्थिती याहून बिकट. खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या चपला राखणे किंवा गुण मोजणे, एवढीच भूमिका अनेकदा त्याच्या वाट्याला येते.

वास्तविक कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार शिक्षणसंस्थांनी या मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे बंधनकारक आहे. कलम ३० नुसार क्रीडा कार्यक्रमांत त्यांना सामावून घेणे, त्यासाठी सुविधांत बदल करणे आणि निधीची तरतूद करणे अपेक्षित आहे.

अडचण आहे ती कारभाराच्या विभागणीत. क्रीडा प्रशिक्षक क्रीडा विभागाकडे, सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग विद्यार्थी शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये या कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि मैदान एकाचे, प्रशिक्षक दुसऱ्याचा आणि मूल तिसऱ्याचे, हा तिढा केवळ नव्या विभागाने सुटणारा नाही.

खेळ बदलता येतो, हे फुटबॉलने जगभर दाखवून दिले आहे. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूत खुळखुळा असतो. खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि गोलरक्षक तेवढा डोळस असतो. चेंडूवर चाल करणाऱ्याने ‘वॉय’ असा आवाज देणे सक्तीचे असते. ‘खो’ देताना आवाजाचे मोल जाणणाऱ्या या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटू नये. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित खेळाडूंच्या सात जणांच्या फुटबॉलमध्ये ऑफसाइडचा नियम नाही. कर्णबधिर खेळाडूंसाठी पंच शिट्टीऐवजी निशाण वापरू शकतात. स्पेशल ऑलिंपिक्सच्या ‘युनिफाइड’ प्रकारात तर बौद्धिक दिव्यांग आणि इतर मुले एकाच संघातून खेळतात. याला भव्य क्रीडासंकुल लागत नाही. शाळेचे पटांगण, चुन्याच्या रेषा आणि दोन गोलखांब पुरेसे असतात.

मात्र केवळ सदिच्छेवर हे काम सोपवणे धोक्याचे ठरेल. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे अस्थिर असतात. अशा मुलांना वैद्यकीय तपासणीविना चेंडू डोक्याने मारायला लावणे गंभीर इजेस निमंत्रण देणारे आहे. फिट येणाऱ्या मुलाची औषधे आणि पूर्वलक्षणे प्रशिक्षकाला ठाऊक असावी लागतात. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी सूचना छोटी, कृती आधी करून दाखवलेली आणि सरावाचा क्रम ठरलेला असावा लागतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला खेळ येतो, विशेष शिक्षकाला मूल कळते. दोघांना एकत्र प्रशिक्षण दिल्याशिवाय हा सांधा जुळणार नाही.

पैशाचा प्रश्नही अगदीच अनुत्तरित नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. वस्तूवाटपापलीकडे जाऊन त्यातील काही भाग चेंडू, प्रवासखर्च आणि मानधनासाठी वापरण्याचा विचार व्हायला हवा. परंडा, भूम किंवा उमरग्यातील पालकाने रोजगार बुडवून मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी आणावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यामुळे आठही तालुक्यांत किमान एक शाळा, एक प्रशिक्षित जोडी आणि आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, एवढ्या माफक आराखड्यापासून प्रारंभ करता येईल.

प्रत्येक मूल पदक आणेल असे नाही, तशी अपेक्षाही नको. संघात आपले नाव आहे आणि उद्या सरावाला कोणीतरी आपली वाट पाहणार आहे, एवढा विश्वास या मुलांना मिळाला तरी पुष्कळ. त्यासाठी तीन विभागांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसणे आवश्यक आहे, आणि तेही पुढील ३ डिसेंबरची वाट न पाहता.