परवानगीच्या फायलीत अडकलेला न्याय

औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोसायटीकडून पीककर्ज उचलले की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. सोयाबीनचा भाव पडला आणि हप्ता थकला की गटसचिव दारात येतो. पुढे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, जप्तीची नोटीस लागते. या सगळ्यात कुणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही.

मराठवाड्यातल्याच एका माजी मुख्यमंत्र्यावर खटला चालवायचा की नाही, हे ठरायला मात्र आरोपपत्रानंतर पाच वर्षांहून अधिक काळ गेला. खटला शेवटी उभा राहिलाच नाही.

कुलाब्याच्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या इमारतीपायी नांदेडच्या अशोक चव्हाणांना नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. महसूलमंत्री असताना त्यांनी सोसायटीत ४० टक्के बिगरलष्करी सभासद घेण्यास मान्यता दिली आणि त्याच इमारतीत त्यांच्या नातेवाइकांना सदनिका मिळाल्या, असा सीबीआयचा आरोप. जुलै २०१२ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी खटल्याला मंजुरी नाकारली. त्या वेळी राज्यात आणि दिल्लीत काँग्रेसचीच सत्ता होती. मग सीबीआय स्वतःच चव्हाणांचे नाव वगळा म्हणून न्यायालयात गेली. ते न्यायालयाने मानले नाही. दोन्हीकडची सत्ता बदलली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये नवे राज्यपाल विद्यासागर राव यांनी मंजुरी देऊन टाकली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. खटल्यात टिकेल असा नवा पुरावा तपास यंत्रणेने दाखवलेला नाही, मग आधीचा नकार फिरवता कसा येईल, असा तो निकाल. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने संसदेत श्वेतपत्रिका मांडली. यूपीएच्या काळातल्या घोटाळ्यांच्या यादीत ‘आदर्श’ होताच. पाचच दिवसांनी, १३ तारखेला, चव्हाण भाजपमध्ये दाखल झाले आणि पाठोपाठ राज्यसभेवर गेले. चव्हाणांनी आरोप कायम नाकारले आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेले नाही, हेही इथे नोंदवायला हवे. पण साक्षीपुरावे होऊन निर्दोष सुटण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. खटला न चालणे हा आरोपीवरही अन्यायच असतो. फक्त त्याबद्दल तक्रार करणारा नेता अजून भेटायचा आहे!

राज्य सहकारी बँकेची फाईल तर आणखी बोलकी. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये या बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले. त्यात अजित पवारांसह अनेक पक्षांचे पुढारी होते. कारखान्यांना नियमबाह्य कर्जे दिली गेली आणि नंतर तेच कारखाने पडत्या भावात विकले गेले, असा आरोप होता. गुन्हा नोंदवायला ऑगस्ट २०१९ उजाडले, तेही उच्च न्यायालयाने बजावल्यावर. पवार उपमुख्यमंत्री असताना २०२० मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये ते विरोधी बाकावर गेले, तेव्हा पोलिसांना पुढचा तपास करावासा वाटला. जुलै २०२३ मध्ये ते पुन्हा सत्तेत आले आणि २०२४ मध्ये तपास बंद करण्याचा दुसरा अहवाल आला. कागद तेच, बँक तीच. औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या सहकारी कारखान्याने बंद पडलेले हंगाम पाहिले आहेत. तिथल्या सभासदाला या तारखांचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तरीही ‘काही होत नसते’ असे म्हणून हात झटकणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. जळगावच्या घरकुल घोटाळ्यात माजी मंत्री सुरेश जैन यांना ऑगस्ट २०१९ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. २००२ च्या होम ट्रेड या रोखे दलाल कंपनीच्या प्रकरणात नागपूर जिल्हा बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. बँकेचे पैसे दलालांच्या हाती गेले, सरकारी रोखे काही आलेच नाहीत. दोषसिद्धीला स्थगिती न मिळाल्याने केदारांना २०२४ ची विधानसभा लढवता आली नाही. त्याच होम ट्रेडमध्ये उस्मानाबाद जिल्हा बँकेचाही पैसा बुडाला. औसा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होता आणि आजही लोकसभेला तिकडेच मतदान करतो.

केदार शिक्षेच्या वेळी विरोधी पक्षात होते म्हणूनच हे घडले का, ही शंका रास्त आहे. पण हा खटला उभा राहिला तो हिशेबाच्या कागदांवर, आणि तरीही निकालाला एकवीस वर्षे लागली. एवढ्या काळात ठेवीदारांची एक पिढी म्हातारी होते.

या उलट टोकाला अटकेचा बडगा आहे. राष्ट्रवादीचे नेते छगन भुजबळ दोन वर्षे तुरुंगात राहिले, २०२१ मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. मार्च २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले, की दहा वर्षांत ईडीने राजकारण्यांविरुद्ध १९३ प्रकरणे नोंदवली आणि शिक्षा झाली दोनच प्रकरणांत. धाक भरपूर, निकाल मात्र नाहीत.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत झाला नाही तर ती मिळाली असेच धरले जाते. ही सुधारणा चांगली, पण अपुरी आहे. ‘आदर्श’मध्ये अडचण केवळ उशिराची नव्हती, नकाराचीही होती, मुदतीत दिलेला नकार या कलमाने अडत नाही. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून आलेले कलम १७-अ सरकारी निर्णयांबाबत साध्या चौकशीआधीही सरकारची मान्यता मागते. आमदार-मंत्र्यांच्या बाबतीत मंजुरी देण्या-नाकारण्याचा अधिकार निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीकडे जावा आणि नकाराची कारणे छापून प्रसिद्ध व्हावीत. तपास बंद करण्याच्या अहवालावर बुडालेल्या संस्थेच्या सभासदांना न्यायालयात हरकत घेता यावी, आणि त्यांच्या वकिलाचा खर्च सरकारने उचलावा.