एमआरआय नॉर्मल, म्हणजे पोरगा नाटक करतोय?

आपल्या खान्देशात एक वाक्य फार ऐकू येतं. "एमआरआय केला, पैसे गेले, काहीच निघालं नाही. नाटकं करतोय." मग पुढचा मुक्काम भगताकडे.

मंडळी, साधा एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव दाखवतो. नैराश्य त्यात दिसत नाही. भुसावळ जंक्शन डोळ्यांसमोर आणा. रूळ शाबूत, इंजिनं ठणठणीत, पण सिग्नलचा मेळ चुकला की गाड्या खोळंबतात. मेंदूचंही तसंच. त्याचे भाग एकेकटे नाही, जाळ्यांनी काम करतात. आपण रिकामे बसलो की जास्त सक्रिय होणारं एक जाळं अमेरिकेतल्या मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये मांडलं. नैराश्यात तेच तेच विचार घोळतात, त्याचा या जाळ्याशी काय संबंध, हे शोधलं जातंय. पण एकट्या माणसाचा स्कॅन बघून आजार सांगावा, इथवर विज्ञान अजून आलेलं नाही. निदान होतं डॉक्टरांशी बोलूनच.

गोम इथंच आहे. बोलायला डॉक्टर कुठंय? राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीत. जळगाव-धुळ्यात मेडिकल कॉलेजं आहेत, पण चोपडा-शिरपूरच्या पाड्यावरच्या माणसाने रोज बुडवून किती फेऱ्या मारायच्या? ग्रामीण रुग्णालयात आठवड्याला एक दिवस तरी मानसोपचारतज्ज्ञ बसलाच पाहिजे. ही मागणी लावून धरा.

तोवर टेली-मानसचा १४४१६ नंबर सेव्ह करा, मोफत आहे. बहिणाबाईंच्या खान्देशात मनाबद्दल बोलायची लाज कसली?