घोकंपट्टीने वकील घडत नाहीत

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी विधी अभ्यासक्रमात मसुदालेखन, अभिरूप न्यायालय हे प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले. उद्दिष्ट स्पष्ट आहे: पदवीधराला वकिली करता यावी. पण वर्गात नोट्स उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेत व्याख्या लिहायच्या, असे चालले तर ते उद्दिष्ट कागदावरच राहणार. वकिलाचा मुलगा दावा लिहायला घरीच शिकतो. शेतमजुराच्या मुलीला महाविद्यालयाशिवाय कोण शिकवणार? विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे आधी ठरवा. ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहिता यायला हवी, तर वर्गात फिर्यादच लिहून घ्या, चुका दाखवा. परीक्षेतही नवा प्रसंग देऊन फिर्यादच मागा. उद्दिष्ट, अध्यापन आणि परीक्षा यांचा मेळ ही मेहेरबानी नव्हे, विद्यार्थ्यांचा हक्क आहे!